दरवर्षी लोकर मधूनच तुटते आणि मेंढ्या अंग धरत नाहीत: दोष कुठे शोधायचा

कातरणीला बसलो, पहिल्या दोन-तीन मेंढ्यांची लोकर उतरवली, एक बट दोन्ही हातांत धरून ताणली आणि ती मधूनच तटकन तुटली. दुसरी घेतली, तीही त्याच ठिकाणी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा दोष मी इतक्या कळपांत पाहिला आणि दुरुस्त केला आहे की कुठून सुरुवात करायची याचा क्रम आता मनात पक्का बसला आहे. बहुतेक जण सुरुवात टॉनिकच्या बाटलीने किंवा खनिज मिश्रणाच्या पिशवीने करतात. माझ्या क्रमात या दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी येतात. त्यातल्या एकीने तर मेंढी मरूही शकते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील तर पुढे वाचा

- बट ताणली की एकाच उंचीवर तुटते, किंवा बोटांना मधे एक बारीक कंबर लागते
- लोकरीचं वजन दरवर्षी कमी भरतं, बट आखूड येते
- लोकरीच्या नैसर्गिक लाटा जाऊन ती सरळ, तारेसारखी होते, किंवा काळी लोकर करडी पडते
- खाज नसताना पाठीवरून, मानेवरून लोकर पुंजक्यांनी गळते
- चारा पोटभर, तरी कमरेचं हाड हाताला टोचतं
- जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज
- कोकरं वाढत नाहीत, मागचा भाग लेंडीने बरबटलेला
- मेंढ्या एकमेकींची लोकर उपटून खातात

आधी एक खातरजमा करून घ्या. डॉर्पर किंवा विल्टशायर हॉर्नसारख्या काही जातींची लोकर ऋतू बदलला की आपोआप गळते. त्यांच्यात तो दोष नाही. तसंच विलेल्या, दूध पाजणाऱ्या मेंढीची लोकर भाकड मेंढीपेक्षा थोडी कमी येणारच. सगळ्या कळपाची तुलना एकाच मापाने करू नका. भाकड, दुभत्या आणि तरुण मेंढ्या वेगवेगळ्या बघा.

बट मोजा. खर्च शून्य, माहिती सगळ्यात जास्त

लोकर म्हणजे केराटिन, गंधक भरपूर असलेलं प्रथिन. मेंढी उपाशी राहिली तरी लोकर वाढायची थांबत नाही, ती फक्त बारीक आणि हळू वाढते. त्या दिवसांत तयार झालेला धाग्याचा भाग कायमचा बारीक राहतो आणि पुढे तिथेच तुटतो. म्हणून एखाद्या वर्षी लोकर अचानक फार बारीक, मुलायम आली तर खूश होऊ नका. ती बऱ्याचदा भुकेची लोकर असते.

कातरणीच्या दिवशी मेंढीच्या कुशीच्या मध्यावरून एक बट घ्या. पेन्सिलीच्या जाडीची पुरे. दोन्ही टोकं घट्ट धरा, कानाजवळ न्या आणि मधल्या बोटाने टिचकी मारा. चांगली बट तारेसारखी टणकन वाजते. कमजोर बट चरचरते किंवा तुटते. तुटली तर कातरलेल्या टोकापासून, म्हणजे कातडीकडच्या बाजूपासून, तुटण्याची जागा किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजा.

आता हिशोब. बारा महिन्यांची बट ९ सेंटिमीटर असेल तर महिन्याला साधारण ७.५ मिलिमीटर वाढ झाली. तुटण्याची जागा अडीच सेंटिमीटरवर असेल तर घात सुमारे सव्वातीन महिन्यांपूर्वी झाला. वाईट दिवसांत वाढ हळू होते, त्यामुळे महिनाभर मागेपुढे धरा. दहा मेंढ्यांच्या बटा अशा मोजल्या की दोनपैकी एक चित्र दिसतं. सगळ्यांचं अंतर एकच आलं तर कारण कळपाचं आहे: चारा, पाणी, साथीचा ताप, लांबचा प्रवास. अंतर वेगवेगळं आलं तर कारण त्या त्या मेंढीचं आहे: विणं, लंगडणं, दात, कासेचा आजार.

एका कळपात सलग तीन वर्षं लोकर तुटत होती आणि दरवर्षी वेगळं टॉनिक पाजलं जात होतं. बटा मोजल्या तर भाकड मेंढ्यांच्या अखंड निघाल्या. विलेल्यांच्या मात्र जवळजवळ सगळ्या अडीच-तीन सेंटिमीटरवर तुटत होत्या. मागे मोजलं तर तो काळ बरोबर गाभणपणाच्या शेवटच्या महिन्याचा आणि विण्याचा निघाला. त्या दिवसांत कुरण वाळलेलं असायचं आणि खुराक विल्यावरच सुरू व्हायचा. खुराक सहा आठवडे अलीकडे आणला, जुळी असलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून खाऊ घातल्या. बाकी काही बदललं नाही. पुढच्या कातरणीला त्याच मेंढ्यांची लोकर ताणायला मला जोर लावावा लागला.

पाठीवर हात ठेवा

लोकर असलेल्या मेंढीचं शरीर डोळ्यांना फसवतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवा आणि मणक्याची टोकं, आडव्या हाडांची टोकं बोटांनी चाचपा. मूठ आवळून तिच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा, मेंढीची कमर तशी लागली तर ती फार रोड आहे. मूठ उघडून बोटांच्या मागच्या बाजूवरून हात फिरवल्यासारखं लागलं तर ठीक. अंगठ्याखालच्या मांसल गादीसारखं लागलं तर जास्तच लठ्ठ. पशुवैद्यक हेच १ ते ५ गुणांत लिहितात. विताना ३ च्या आसपास असावी.

हे महिन्यातून एकदा, त्याच २०-२५ मेंढ्यांवर करा आणि लिहून ठेवा. बट चार महिन्यांपूर्वीचं सांगते, हात आजचं सांगतो. दोन्ही जुळले की कारण सापडायला वेळ लागत नाही.

पापणी, जबडा, लेंडी

खालची पापणी हळूच खाली ओढा आणि आतला रंग उजेडात बघा. लालसर गुलाबी म्हणजे बरं. फिकट गुलाबी म्हणजे लक्ष ठेवा. पांढरट म्हणजे आजच उपचार. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचं फामाचा कार्ड तयार झालं, ते मिळालं तर अंदाज सोपा होतो. हे कार्ड रक्त शोषणाऱ्या जंतांसाठी, मुख्यतः हिमोंकससाठी आहे. पापणी लाल आहे म्हणून पोटात दुसरे जंत नाहीतच असं समजू नका.

हिमोंकस इतका घातक का, ते आकड्यांत बघा. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. पाच हजार जंत असले तर दिवसाला पाव लिटर. तेवढं रक्त भरून काढायला मेंढी जे प्रथिन वापरते ते लोकरीच्या वाट्याला येत नाही. जबड्याखालची मऊ सूज ही याच प्रथिनांच्या कमतरतेची खूण. आणि एक गोष्ट लोकांना चकवते: या जंतांत हगवण सहसा लागत नाही. लेंडी घट्ट, मेंढी चरतेय, आणि तरी ती एका आठवड्यात आडवी होते.

दात, खूर, खाज

ही तपासणी पटकन होते. मेंढीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. ते पडले, झिजले किंवा सैल झाले तर आखूड गवत तिला तोडताच येत नाही. चांगल्या कुरणावर एकच म्हातारी मेंढी खंगत असेल तर आधी ओठ उघडा. लंगडणारी मेंढी चरायला मागे राहते, तिच्या खुरांच्या फटीत वास आणि कूज बघा. लोकर गळतेय आणि मेंढी कुंपणाला अंग घासतेय, पाठ खाजवली की ओठ चावल्यासारखे हलवतेय, तर चाऱ्याचा विचार बाजूला ठेवा. ती खरूज किंवा उवा आहेत. खरूज सगळ्या कळपात पसरते, म्हणून ती एका मेंढीपुरती समजू नका.

पाणी आणि चरायचे तास

पाणी कमी पडलं की मेंढी चारा कमी खाते. दुभत्या मेंढीला भाकडीच्या साधारण दुप्पट पाणी लागतं. उन्हात सगळ्यांचीच गरज वाढते. पाणवठ्यावर उभे राहून दहा मिनिटं बघा: दबकणाऱ्या मेंढ्या पाणी न पिताच मागे फिरतात का? गव्हाणीवरही हेच बघा. धष्टपुष्ट मेंढ्यांनी खुराक संपवला आणि कडेच्या मेंढ्या तशाच राहिल्या, तर खुराक वाढवून उपयोग नाही, गव्हाण लांब करावी लागेल.

मेंढी दिवसाला साधारण ८ ते १० तास चरते. उन्हाच्या वेळी ती सावलीला थांबते, चरत नाही. तुम्ही सकाळी उशिरा सोडता आणि संध्याकाळी लवकर कोंडता, तर मधले तास उन्हातच जातात. फक्त सकाळी दोन तास लवकर सोडूनही मी कळप सुधारलेला पाहिला आहे.

कुरण: इथे खरा वेळ द्या

वाळलेलं, फुलोऱ्यावर जाऊन गेलेलं गवत आणि नुकतं उगवलेलं कोवळं गवत, दोन्हीत मेंढी उपाशी राहू शकते. कारणं मात्र उलटी.

वाळलेल्या गवतात प्रथिनं सुक्या वजनाच्या ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातल्या जिवाणूंनाच नत्र पुरत नाही. ते चारा हळू फोडतात, पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मेंढी आणखी खात नाही. पोट तट्ट दिसतं आणि कमर आत जाते. अशा वेळी गवताची मोळी वाढवू नका. थोडी पेंड किंवा द्विदल चारा द्या, म्हणजे त्याच गवताचं जास्त पचन होईल.

कोवळ्या गवतात उलट अडचण. ४० किलोच्या मेंढीला दिवसाला सुमारे १.२ किलो सुकं अन्न लागतं. गवतात ८० ते ८५ टक्के पाणी असेल तर तेवढ्यासाठी तिला ६ ते ८ किलो गवत तोडावं लागेल, आणि गवत बोटभर उंच असताना ते शक्य नाही. पहिल्या पावसानंतर सगळीकडे हिरवं दिसतं, हगवण लागते आणि लोकरीत तीच बारीक कंबर पडते. त्या दोन-तीन आठवड्यांत सकाळी सोडण्याआधी सुका चारा द्याच.

उंची मोजायला वेगळं काही लागत नाही. मूठ जमिनीवर उभी ठेवा. गवत १० ते १५ सेंटिमीटर झालं की मेंढ्या सोडा, पाच सेंटिमीटरवर आलं की काढा. खाली पाच सेंटिमीटरचा आग्रह दोन कारणांसाठी. त्याखाली चरलं तर गवत परत फुटायला फार वेळ घेतं. आणि जंतांच्या बहुतेक अळ्या त्याच खालच्या पट्ट्यात असतात. जितकं खाली चरेल तितके जंत पोटात जातील.

उबदार, दमट हवेत लेंडीतल्या अंड्यातून पोटात जाऊन रोग करणारी अळी तयार व्हायला जेमतेम आठवडा लागतो. म्हणून अशा दिवसांत एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. मेंढ्यांच्या मागे गाई-म्हशी चारता आल्या तर उत्तम, कारण मेंढ्यांचे बहुतेक जंत त्यांच्यात वाढत नाहीत आणि कुरण साफ होतं. शेळ्या मात्र चालणार नाहीत, त्यांचे आणि मेंढ्यांचे जंत तेच. पाणथळ, गोगलगायी असलेला तुकडा कुंपणाने वेगळा काढा. तिथून लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत, येतो, आणि तोही मेंढीला असाच रक्तहीन करतो.

कुंपणावर सुबाभूळ आहे का तेही बघा. खाज नाही, ताप नाही आणि लोकर पुंजक्यांनी हातात येतेय, तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. सुबाभळीच्या पाल्यातलं मिमोसिन हे विषारी द्रव्य लोकरीच्या मुळांची वाढ थांबवतं. ते पचवणारा जिवाणू हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटात सापडला, पण तो तुमच्या मेंढ्यांच्या पोटात असेलच असं नाही. पाला चांगला आहे, प्रथिनं भरपूर आहेत, तरी तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवा आणि लोकर गळायला लागली की पूर्ण थांबवा.

खुराक: कधी द्यायचा

गाभणपण साधारण १४७ दिवसांचं. कोकराची सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि त्याच वेळी गर्भाशय वाढल्याने कोठीपोटाला जागा कमी उरते. म्हणजे गरज वाढते आणि खायची ताकद घटते. त्यासाठी या दिवसांत कमी जागेत जास्त सत्त्व असलेला खुराक हवा.

अजून एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कोकराच्या कातडीतली लोकरीची बरीचशी मुळं गाभणपणाच्या उत्तरार्धात तयार होतात आणि जन्मानंतरच्या काही आठवड्यांत पक्की होतात. त्या वेळी आई उपाशी राहिली तर कोकराची लोकर कायमची विरळ राहू शकते. नंतर कितीही खाऊ घातलं तरी ती मुळं नव्याने उगवत नाहीत. दरवर्षी लोकर कमी भरणाऱ्या कळपात मी म्हणूनच दोन वर्षं मागचं विचारतो: या मेंढ्या पोटात असताना काय दिवस होते?

कोणताही नवा खुराक १०-१४ दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम धान्य दिलं तर कोठीपोट आंबतं. आंत्रविषारानेही, म्हणजे आतड्यात जिवाणूंचं विष तयार होण्याच्या आजारानेही, चांगली धष्टपुष्ट कोकरंच आधी जातात. त्याची लस वेळेवर दिलेली असू द्या. आणि युरियाची प्रक्रिया केलेला चारा देत असाल तर लक्षात घ्या की त्यातून नत्र मिळतं, गंधक नाही. लोकरीला दोन्ही लागतात. पशुआहाराच्या जाणकाराला विचारूनच गंधक वाढवा, जास्त झालं तर ते तांबं अडवतं आणि मेंदूलाही इजा करतं.

लेंडी तपासणी, मग जंतनाशक

इथून पुढे खर्च आहे. दहा-बारा मेंढ्यांची ताजी लेंडी घेऊन जंतांच्या अंड्यांची मोजणी करून घ्या. औषध पाजल्यावर १०-१४ दिवसांनी पुन्हा मोजा. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली तर त्या औषधाला जंत सरावले आहेत, ते बदलावं लागेल. मात्रा गटातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनावर ठरवा. अंदाजाने कमी पाजलं की सरावलेले जंतच मागे उरतात. सगळ्या कळपाला दर महिन्याला पाजू नका. ज्यांची पापणी फिकट, ज्यांची कमर आत गेलेली, त्यांनाच पाजा. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक टाळा, गर्भाला धोका असतो.

खनिजं, सगळ्यात शेवटी

लोकर तारेसारखी सरळ आणि चकाकती झाली, काळी मेंढी करडी पडू लागली, कोकरं मागच्या पायांत लटपटू लागली, तर तांब्याची कमतरता असू शकते. कळपात काळी मेंढी असेल तर तिच्याकडे आधी बघा, रंग लवकर जातो. कातडी जाड, खरबरीत होऊन लोकर गळाली तर जस्त. चारा असून कोकरं खंगतात, डोळ्यांतून पाणी वाहतं, तर कोबाल्ट. ही चिन्हं फक्त संशय देतात. खात्री रक्ताच्या किंवा यकृताच्या तपासणीनेच होते.

तांब्याच्या बाबतीत मी कुणालाही अंदाजाने पुढे जाऊ देत नाही. मेंढीचं यकृत तांबं साठवतं आणि बाहेर फार कमी टाकतं. गाईचं खनिज मिश्रण, गाईची चाटण वीट, कोंबड्यांचं खाद्य, डुकरांचं खाद्य यांत मेंढीला झेपणार नाही इतकं तांबं असू शकतं. महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मग कातरणी, प्रवास किंवा थंडीचा एक धक्का बसतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. मी एका गोठ्यात हे पाहिलं आहे. गाईंसाठी आणलेली पिशवी मेंढ्यांच्या गव्हाणीतही रिकामी होत होती. सकाळी एक मेंढी भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं आणि मूत्र गडद तपकिरी. संध्याकाळपर्यंत ती गेली. पुढच्या तीन दिवसांत आणखी दोन गेल्या. त्यांची लोकर कमी येते म्हणून ती पिशवी सुरू केली होती.

इथे थांबा आणि पशुवैद्यकाला बोलवा

- पापणी पांढरी आणि मेंढी उठत नाही
- डोळे पिवळे, मूत्र लाल किंवा तपकिरी
- गाभण मेंढी कळपापासून वेगळी उभी, खात नाही, दिसत नसल्यासारखी चालते, दात करकरवते. जुळी असलेल्या मेंढ्यांत हे शेवटच्या आठवड्यांत होतं, अर्ध्या दिवसाचाही उशीर करू नका
- ताप, नाकातून स्राव, तोंडात फोड, किंवा एका दिवसात दोन मेंढ्या मेल्या. कळप हलवू नका, नवी मेंढी आत घेऊ नका
- धान्यावर तुटून पडलेली मेंढी, पोट फुगलेलं
- कोकरं चालताना कोलमडतात
- दोनदा जंतनाशक देऊनही अंडी घटत नाहीत

मेलेली मेंढी पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. एका मेंढीचं यकृत आणि चौथं पोट उघडून बघितल्याने उरलेल्या शंभर वाचल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. पशुवैद्यक येईपर्यंत एका कागदावर हे लिहून ठेवा: गेल्या सहा महिन्यांत चारा कधी बदलला, कोणता खुराक, कोणतं औषध आणि कधी, किती मेंढ्या आजारी, त्यांचं वय, आणि बटांची मोजमापं.

बदल केल्यावर लोकरीत फरक लगेच दिसत नाही. त्वचेखाली तयार झालेला धागा वर यायलाच आठवडाभर लागतो, आणि चाऱ्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. म्हणून आजच चार-पाच मेंढ्यांच्या कुशीवर तळहाताएवढा चौकोन कातडीपर्यंत कातरा आणि तारीख लिहा. दोन महिन्यांनी तिथली वाढ पट्टीने मोजा, धागा दोन बोटांत ताणून बघा, आणि जुन्या बटेशेजारी ठेवा.